लहरींचा सातबारा

‘स्पेक्ट्रम’ या शब्दासाठी आपल्याकडील वृत्तपत्रांनी ‘ध्वनिलहरी’ हा प्रतिशब्द रूढ केला, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने त्यांनी चूकच केली. ज्यांचा लिलाव होतो त्या लहरी विद्युतचुंबकीय असतात. ध्वनीशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या पाठीवर बसून तो दूर जातो. चूक मान्य करूनही या शब्दाविषयी आम्हांला थोडे ममत्व वाटते. निदान त्यात ऐकणाऱ्याची आठवण आहे. इंग्रजीतला व्यवहार मात्र पहिल्यापासून जमिनीच्या भाषेत चालत आला. पट्टे, सीमा, ताबा, मोकळी जागा, हे त्यातले नेहमीचे शब्द. सातशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याला तर अमेरिकेतील दूरसंचार वर्तुळात समुद्रकिनाऱ्यालगतची मालमत्ता म्हणत.

दूरचित्रवाणीच्या जुन्या लहरी भ्रमणध्वनीकडे कशा गेल्या, हा इतिहास सहसा तंत्रज्ञानाच्या प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो जमीनजुमल्याच्या इतिहासासारखा वाचावासा वाटतो. याचे कारण असे की प्रत्येक हस्तांतरणापूर्वी ती जागा पडीक असल्याचे सिद्ध करावे लागले, आणि पडीक ठरवताना कोणाची वहिवाट मोजायची व कोणाची नाही, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहिला. अमेरिकेचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे, कारण तेथे ही जमीन एकदा नव्हे, तीनदा कापली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्रांची इतकी गर्दी झाली की फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९४८ साली नवे परवाने देणे थांबवले. ही स्थगिती १९५२ पर्यंत टिकली. ती उठवताना आयोगाने २ ते १३ या जुन्या वाहिनी-क्रमांकांच्या जोडीला १४ ते ८३ असे सत्तर नवे क्रमांक मोकळे केले. प्रत्येकाची रुंदी सहा मेगाहर्ट्झ. म्हणजे ४७० पासून ८९० मेगाहर्ट्झपर्यंतचा अफाट माळ. जागा तर मिळाली, पण लोकांच्या घरातले संच या नव्या वाहिन्या पकडतच नव्हते. प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, जाहिराती नाहीत म्हणून कार्यक्रम नाहीत, आणि कार्यक्रम नाहीत म्हणून नवा संच कोण घेणार? पन्नाशीच्या दशकात यांतली अनेक केंद्रे बंद पडली. न्यूटन मिनो या आयोगाच्या अध्यक्षांनी १९६१ साली प्रसारकांच्या परिषदेत दूरचित्रवाणीला उजाड माळरानाची उपमा दिली, ती पुढे फार गाजली. मिनो बोलत होते ते कार्यक्रमांच्या दर्जाविषयी. पण वरच्या वाहिन्यांच्या बाबतीत ते रूपक अक्षरशः खरे होते. पुढच्याच वर्षी, प्रत्येक संचाने सर्व वाहिन्या पकडल्याच पाहिजेत, असा कायदा झाला व १९६४ पासून तो लागू झाला.

तोवर शेजाऱ्यांची नजर या माळावर पडली होती. सत्तरीच्या दशकात आयोगाने ७० ते ८३ हे क्रमांक दूरचित्रवाणीकडून काढून फिरत्या रेडिओ-सेवांना दिले. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत अमेरिकेतील पहिली व्यापारी सेल्युलर सेवा सुरू झाली ती याच जमिनीवर. भ्रमणध्वनीने दूरचित्रवाणीची जागा अलीकडे बळकावली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेत तरी त्याचा जन्मच तिच्या परसात झाला आहे. आणि जुन्या मालकाच्या खुणा इतक्या सहज पुसल्या जात नाहीत. ज्या घरांत जुने संच होते, तेथे ८० च्या पुढच्या क्रमांकांवर बटण फिरवत नेले की अधूनमधून अनोळखी माणसांचे दूरध्वनीवरील बोलणे ऐकू येई. १९८६ साली असे ऐकणे कायद्याने गुन्हा ठरवण्यात आले. दूरचित्रवाणीच्या जगात लहरी पकडणे हा गुन्हा असूच शकत नव्हता. त्या सर्वांसाठीच सोडलेल्या असत. तीच हवा, तोच संच, पण आता ऐकणारा चोर ठरला. दोन माध्यमांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारा प्रसंग आम्हांला ठाऊक नाही.

दुसरी कापणी अधिक नाट्यमय आहे, कारण तिचे बी जमीन वाचवू पाहणाऱ्यांनीच पेरले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास मोबाइल रेडिओवाल्यांनी १४ ते ६९ मधील मोकळ्या क्रमांकांवर हक्क सांगितला. प्रसारकांची पंचाईत झाली. जागा वापरात नाही हे तर उघड दिसत होते. मग ती लवकरच लागणार आहे, असे दाखवणे भाग होते. १९८७ च्या जानेवारीत त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जपानच्या ‘एनएचके’ची उच्च-विभेदन दूरचित्रवाणी लोकप्रतिनिधींना दाखवली आणि सांगितले की, असे चित्र हवे असेल तर आम्हांला जास्त लहरी लागतील. युक्ती सफल झाली. मोकळ्या वाहिन्या हातच्या गेल्या नाहीत, आणि नव्या दूरचित्रवाणीची सरकारी स्पर्धा सुरू झाली. पण १९९० साली जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने संपूर्ण डिजिटल पद्धत जाहीर केली, आणि डाव उलटला. डिजिटल चित्राला जास्त नव्हे, कमी जागा पुरते. एका वाहिनीच्या सहा मेगाहर्ट्झमध्ये अनेक कार्यक्रम मावतात, आणि अ‍ॅनालॉग काळात दोन केंद्रांमध्ये जी पडीक पट्टी ठेवावीच लागे तिची गरजही बरीच घटते. कुंपण घालण्यासाठी आणलेल्या यंत्रानेच शेत केवढे मोठे आहे ते दाखवून दिले!

दरम्यान या जमिनीला दाम आला होता. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ साली, लहरी वाटण्याऐवजी विकाव्यात, असे प्रतिपादन केले, तेव्हा आयोगासमोरच्या सुनावणीत एका आयुक्ताने, हा सगळा विनोद तर नाही ना, असे त्यांना विचारले होते. १९९३ मध्ये कायद्याने आयोगाला लिलावाचा अधिकार दिला, १९९४ च्या जुलैत पहिला लिलाव झाला. मधल्या काळात, १९९१ साली, कोस यांना नोबेल मिळाले होते. आयुक्ताचे काय झाले ते इतिहास सांगत नाही.

प्रसारकांना संक्रमणकाळापुरती दुसरी, डिजिटल वाहिनी विनामूल्य मिळाली. जुनी त्यांनी परत करायची होती. परत देण्याची तारीख पुढे ढकलली जात राहिली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अग्निशामक व पोलिस दलांचा बिनतारी संपर्क कोलमडला, आणि आपत्ती-सेवांना या पट्ट्यात जागा द्या, ही मागणी नैतिक बळ घेऊन पुढे आली. अखेर १७ फेब्रुवारी २००९ ही तारीख कायद्यात लिहिली गेली. पीक निघण्यापूर्वीच शेत विकले गेले. २००८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा लिलाव होऊन सुमारे १९०० कोटी डॉलर आले. व्हेरायझन आणि एटी अँड टी हे मोठे खरेदीदार. इतकी किंमत का, तर या लहरी लांब जातात आणि भिंतींना फारशी दाद देत नाहीत. कमी मनोऱ्यांत जास्त मुलूख झाकता येतो. गंमत अशी की ज्या तुकड्यावर आपत्ती-सेवांची भागीदारी बंधनकारक होती, त्याला राखीव किमतीएवढीही बोली आली नाही. तो तुकडा २०१२ च्या कायद्याने थेट त्या सेवांना द्यावा लागला.

घर रिकामे करण्याची वेळ आली तेव्हा आत कोण राहते ते दिसू लागले. केबल व उपग्रहवाल्यांचे काही बिघडत नव्हते. छतावरच्या किंवा संचावरच्या अँटेनावर अवलंबून असलेली घरे मात्र अडचणीत आली, आणि त्यांत वृद्ध, गरीब, ग्रामीण व इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणारी कुटुंबे अधिक होती. सरकारने परिवर्तक-पेटीसाठी ४० डॉलरची कूपने वाटली, दर घरी दोन. २००९ च्या जानेवारीत कूपनांचा निधी संपला आणि प्रतीक्षायादी लागली. नव्या राष्ट्राध्यक्षांनी मुदत १२ जूनपर्यंत वाढवली. हवाई बेटांनी मात्र १५ जानेवारीलाच अ‍ॅनालॉग बंद केले. कारण हालेआकाला पर्वतावरचे मनोरे पाडायचे होते, आणि तेथील दुर्मीळ पेट्रेल पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होण्याआधी ते काम उरकायचे होते. सगळ्या स्थलांतरात वेळापत्रक स्वतःच्या सोयीने ठरवून घेता आले ते बहुधा या पक्ष्यांनाच. शिवाय एका खास कायद्याने काही केंद्रांना आणखी तीस दिवस जुने प्रक्षेपण चालू ठेवता आले, पण त्यावर दाखवायचे काय, तर आणीबाणीच्या सूचना आणि डिजिटलकडे कसे जायचे याची माहिती. म्हणजे अनेक गावांत अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीचे अखेरचे शब्द हे तिला सोडून कसे जावे याविषयीचे होते.

येथे एक सौंदर्यशास्त्रीय नोंद करावीशी वाटते. जुने चित्र क्षीण झाले की पडद्यावर मुंग्या येत (अमेरिकेत त्याला बर्फ म्हणत). मुंग्यांतूनही आकृती ओळखू येई, आवाज कळे. उरलेले पाहणारा मनाने भरून काढी. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ येते, नाही तर येतच नाही. सीमेवर राहणाऱ्यांचे अर्धेमुर्धे पाहणे या बदलात संपले. वाचनाचा विचार करणाऱ्यांना यातला तोटा वेगळा सांगायला नको.

आणखी एक बिनपावतीचे रहिवासी होते. नाट्यगृहे, चर्च, सभागृहे यांतील बिनतारी ध्वनिक्षेपक वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीच्या मोकळ्या वाहिन्यांतून चालत. बहुतेकांकडे परवाना नव्हता. २००८ साली या मोकळ्या फटी इंटरनेट-उपकरणांना खुल्या करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गायिका डॉली पार्टन यांनीही आयोगाला पत्र लिहून विरोध केला. त्यांची संगीतिका तेव्हा ब्रॉडवेच्या वाटेवर होती. प्रस्ताव तरीही मंजूर झाला. १२ जून २०१० पर्यंत सर्व ध्वनिक्षेपकांना ७०० मेगाहर्ट्झ सोडावे लागले. नट रंगमंचावर बोलतो तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ज्या जागेतून जात होता, ती जागा कोणाच्याच उताऱ्यावर नव्हती.

तिसऱ्या कापणीत कुळाला मोबदला मिळाला. २०१२ च्या कायद्यानुसार २०१६ च्या मार्चमध्ये सुरू झालेला लिलाव दुहेरी होता. आधी प्रसारकांनी आपली जागा किती रकमेला सोडणार ते सांगायचे, मग मोबाइल कंपन्यांनी ती किती रकमेला घेणार ते. पहिल्या फेरीत १२६ मेगाहर्ट्झसाठी प्रसारकांची मागणी ८६४० कोटी डॉलरवर गेली. घेणारे तेथवर पोहोचलेच नाहीत. मागणी उतरवत उतरवत चौथ्या टप्प्यात ८४ मेगाहर्ट्झवर सौदा जुळला. २०१७ साली निकाल आला तेव्हा एकूण १९८० कोटी डॉलरची बोली लागली होती, आणि त्यांतले सुमारे १००० कोटी १७५ केंद्रांना मिळाले. सर्वांत मोठी रक्कम ३० कोटी ४० लाख. सार्वजनिक केंद्रेही मागे नव्हती. बोस्टनच्या ‘डब्ल्यूजीबीएच’ने सुमारे १६ कोटी २० लाख घेऊन खालच्या, कमी सोयीच्या वाहिनीवर जाणे पत्करले. आणखी ९८७ केंद्रांना नव्या क्रमांकांवर हलवावे लागले. ते काम २०२० च्या जुलैपर्यंत चालले. लिलावाची रचना करणाऱ्यांत अग्रणी असलेल्या पॉल मिलग्रॉम यांना रॉबर्ट विल्सन यांच्यासह त्याच वर्षी नोबेल मिळाले. विमानतळ येणार म्हणून आसपासच्या जमिनी आधीच घेऊन ठेवणारे आपल्याला परिचित आहेत; तेथेही काही गुंतवणूकदारांनी दुबळी केंद्रे आधीच विकत घेऊन ठेवली होती.

परवाने मुळात सरकारने बव्हंशी फुकट दिलेले, हे खरे; पुढे ते केंद्रांसह बाजारभावाने विकले गेले, हेही खरे. तेव्हा मोबदल्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप मोजणीला आहे. परवानाधारकाची वहिवाट मोजली गेली. दुर्गम खोऱ्यांत मोठ्या केंद्रांचे प्रक्षेपण पुन्हा पोहोचवणारी कमी शक्तीची केंद्रे दुय्यम हक्काची असल्याने त्यांना लिलावात भाग घेता आला नाही. त्यांच्या स्थलांतराच्या खर्चाची तरतूद २०१८ साली, म्हणजे निकालानंतर, झाली. आणि पाहणारा तर हिशेबात कोठेच नव्हता.

पाहणाऱ्याचा हा हिशेब कागदावर तरी मांडला तो आपल्याकडे. हीरो चषकाच्या क्रिकेट-प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्वाळा दिला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी वाचकांना अपरिचित नाहीत. निकालाचा रोख एकाधिकाराविरुद्ध आणि श्रोत्याच्या हक्काच्या बाजूने होता. २०१२ च्या टूजी निकालात लहरींचा विचार राष्ट्राची नैसर्गिक संपत्ती म्हणून झाला आणि १२२ परवाने रद्द ठरले. सार्वजनिक मालमत्तेचा अर्थ यानंतर व्यवहारात ‘योग्य भावाने विकायची वस्तू’ असा होत गेला. भाव मात्र इतका चढा ठेवला गेला की ७०० मेगाहर्ट्झला २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत एकही बोली आली नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एकट्या रिलायन्स जिओने तो पट्टा ३९,२७० कोटी रुपयांना घेतला. दूरदर्शनची जमिनीवरील अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे मुख्यतः याहून खालच्या पट्ट्यांत होती. तीही त्याच सुमारास मोजकी ठिकाणे वगळता बंद झाली. कूपने नाहीत, प्रतीक्षायादी नाही. लोक केबलकडे आणि तबकड्यांकडे आधीच निघून गेले होते, असे मानले गेले.

अमेरिकेच्या नकाशावर एक तुकडा मात्र तिन्ही कापण्यांतून सुटला. ३७ क्रमांकाची वाहिनी १९६३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या रेडिओ-दुर्बिणीसाठी राखून ठेवण्यात आली. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकायच्या तर शेजारी शांतता हवी होती. त्या क्रमांकावर तेथे एकही दूरचित्रवाणी केंद्र कधी चालले नाही. आता तिच्या खालच्या बाजूस दूरचित्रवाणी ३६ पाशी संपते, आणि वरच्या बाजूस, तीन मेगाहर्ट्झचा बांध ओलांडला की, भ्रमणध्वनी सुरू होतो.