फलटण परगणा आणि औरंगजेबाची दक्षिणेंतील स्वारी : लोकांच्या धीराचा विचार

औरंगजेब बादशहा सप्टेंबर १६८१ मध्यें अजमेरहून दक्षिणेकडे निघाला, तो १७०७ मध्यें अहमदनगरच्या छावणींत मरण पावेपर्यंत उत्तरेस परतला नाहीं. या पंचवीस वर्षांच्या स्वारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा किल्ल्यांचे वेढे व सरदारांच्या झुंजा यांच्या अनुरोधानें सांगितला जातो. तो तसा सांगणें योग्यच आहे. परंतु इतकें दीर्घ युद्ध केवळ तरवारीच्या बळावर चालत नाहीं. तें चालविणाऱ्यांचा आणि सोसणाऱ्यांचा धीर किती टिकतो, यावरही त्याचा शेवट अवलंबून असतो. नीरेच्या दक्षिणेस, महादेवाच्या डोंगराच्या उत्तरेकडील पायथ्याशीं असलेल्या फलटण परगण्यावरून पाहिलें असतां हा धीर कशाचा बनलेला होता, हें बरेंच स्पष्ट होतें. त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

(१) फलटणचे निंबाळकर हे भोसल्यांचे जुने सोयरे. मालोजीराजांची पत्नी याच घराण्यांतील. शिवछत्रपतींची पहिली राणी सईबाई ही याच घराण्यांतील. आणि छत्रपतींची कन्या सखूबाई ही बजाजी नाइकांचे पुत्र महादजी यांस दिलेली. असें असूनही बजाजी नाइकांचें आयुष्य विजापूरच्या दरबाराच्या दडपणाखालीं गेलें. त्यांचें सक्तीचें धर्मांतर आणि पुढें झालेली शुद्धि या गोष्टी प्रसिद्धच आहेत. पुरंदरच्या तहानंतर मिर्झा राजा जयसिंग विजापुरावर चालून गेला, तेव्हां डिसेंबर १६६५ मध्यें आदिलशाही अंमलांतील फलटण मोगलांच्या वतीनें घेण्याचें काम शिवछत्रपतींच्याच फौजेकडे आलें. सोयरीक एकीकडे आणि चाकरी दुसरीकडे, ही स्थिति या परगण्यास नवी नव्हती. औरंगजेबाच्या स्वारींतील देशमुखांची वागणूक समजून घेतांना ही पूर्वपीठिका विसरतां येत नाहीं.

(२) विजापूर १६८६ मध्यें पडलें, गोवळकोंडें १६८७ मध्यें. मार्च १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला व त्याच वर्षीं रायगड जाऊन येसूबाई व शाहू शत्रूच्या हातीं लागले. राजाराम महाराज जिंजीस गेले. या क्षणीं देशावरील वतनदारापुढें प्रश्न असा होता : बादशहाची मनसब पत्करून वतन राखावें, कीं राजा दूर असलेल्या राज्याची वाट पाहावी? मोगलांचें आमिष रोख होतें. मराठ्यांजवळ देण्यास केवळ वचन होतें.

रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनीं हें ओळखलें. शिवछत्रपतींनीं नवीं वतनें देण्याच्या कामीं हात आंखडता ठेवला होता. तें धोरण या संकटांत सोडावें लागलें. जुनीं वतनें पुन्हां करार करून देणें, मोगलांच्या ताब्यांतील मुलूख सोडविणारास त्यांतच सरंजाम देऊं करणें, असे उपाय झाले. मे १६९० मध्यें साताऱ्याजवळ रुस्तुमखान (सर्जाखान) सहकुटुंब पकडला गेला. बादशाही सरदार हरतो व दंड भरून सुटतो, हें लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलें. वचनास पत चढली ती अशा प्रसंगांनीं.

तथापि या काळीं सर्वच वतनदार एकनिष्ठ राहिले, असें मात्र समजूं नये. म्हसवडचा नागोजी माने मोगलांकडून जिंजीस राजाराम महाराजांकडे आला व पुन्हां मोगलांकडे गेला. त्याचा मेहुणा अमृतराव निंबाळकर यास संताजी घोरपड्यानें हत्तीच्या पायीं दिलें, या वैरापोटीं १६९७ च्या जूनमध्यें शंभुमहादेवाच्या परिसरांत नागोजीनें संताजीस मारलें, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. मोगलांचा काळ ठरलेला हा सेनापति आपल्याच मुलखांत, आपल्याच माणसाच्या हातून गेला. पुढच्या पिढींतही निंबाळकरांच्या आडनांवाचे पुरुष दोन्ही बाजूंस दिसतात : हैबतराव निंबाळकर शाहू महाराजांचे सरलष्कर, तर रंभाजी निंबाळकर निजामाच्या पदरीं, करमाळ्यास. यास फितुरी हा एकच शब्द लावून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें कांहींच उलगडत नाहीं.

(३) वतनदाराहून कठीण स्थिति रयतेची. एकाच पिकावर मोगलांचा फौजदार व मराठ्यांचा कमाविसदार असे दोघेही मागणी करीत. फौज जवळ आली कीं वैरण, धान्य व गुरें जात. अशा वेळीं कुणब्याच्या हातीं एकच शस्त्र असे, तें म्हणजे गांव सोडून जाणें. गांव परागंदा झाल्यावर जमीन पडीक व वसूल बंद. म्हणून मग सरकारासच नमावें लागे. पाटलास बोलावून कौल द्यावा, पहिल्या वर्षीं थोडा सारा, दुसऱ्या वर्षीं अधिक, असा इस्तावा ठरवावा, तेव्हां गांव पुन्हां नांदूं लागे. आमच्या मतें या काळाची खरी राज्यनीति अशा कौलनाम्यांत आहे. रयतेचा धीर मुका नव्हता. तो अटी घालीत असे.

(४) आतां दुसरी बाजू. कौटिल्यानें विग्रहाचे चार दोष सांगितले आहेत : क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय. यांपैकीं तिसरा, म्हणजे स्वदेश सोडून परमुलखांत राहणें, हा बादशाही लष्करास सर्वांत जड गेला. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहा भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस तळ देऊन होता. तंबूंत जन्मून तंबूंतच वाढलेली पिढी भीमसेन सक्सेना यानें आपल्या तारीखेंत वर्णिली आहे. हा भीमसेन दलपतराव बुंदेल्याच्या चाकरींतला. म्हणजे ही साक्ष शत्रूकडील नव्हे, छावणींतील आहे. जहागिरीचा वसूल येईना, म्हणून सरदार मराठ्यांशीं आंतून संधान बांधीत. जिंजीचा वेढा सुमारें आठ वर्षें चालला. तेथें खुद्द शहाजादा कामबक्ष यासच राजाराम महाराजांशीं बोलणें चालविल्याच्या संशयावरून कैद करावें लागलें.

१६९९ नंतर वृद्ध बादशहा स्वतः किल्ल्यांवर निघाला. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० सातारा वेढला गेला. प्रयागजी प्रभूनें तो लढविला, आणि मोगलांचाच सुरुंग त्यांच्यावर उलटून सुमारें दोन हजार माणसें गाडलीं गेलीं. मध्यंतरीं मार्चमध्यें राजाराम महाराज सिंहगडावर वारले. पण युद्ध थांबलें नाहीं, ताराबाईंनीं तें पुढें चालविलें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत खवासपूरच्या तळावर माण नदीचा लोंढा रात्रीं शिरला. धांवपळींत बादशहाचा पाय दुखावला व तो कायमचा अधू झाला. पुढें पन्हाळा (१७०१), विशाळगड (१७०२), सिंहगड (१७०३), राजगड व तोरणा (१७०४) असे किल्ले पडले; पण तोरणा तेवढा हल्ला चढवून घेतला, इतर बहुतेक पैसा व अभय देऊन. किल्लेदार तोच पैसा घेऊन बाहेर पडत आणि संधि येतांच किल्ला परत घेत.

या स्वारींत दरसाल एक लाख माणसें व तीन लाख जनावरें मरत, असें मनुची लिहितो. हे आंकडे मोजणीचे नव्हेत, अदमासाचे आहेत. तरी समकालीनांस काय वाटत होतें तें त्यांवरून कळतें. १७०३ मध्यें शाहूस पुढें करून मराठ्यांशीं तहाचें बोलणें झालें, तें फिसकटलें. १७०४ मध्यें दुष्काळ व युद्ध यांमुळें दक्षिणेंतील जिझिया तहकूब करावा लागला. म्हणजे लोकांच्या हालांचा दाब सिंहासनापर्यंत पोंचला होता. पण सवलत मिळाली ती करापुरती. युद्ध थांबविण्याचा निर्णय मात्र बादशहाच्या हयातींत झाला नाहीं.

(५) दोन्ही पक्षांतील भेद आमच्या मतें येथेंच आहे. धीर दोन्हीकडे खचत होता. मराठ्यांच्या कारभाऱ्यांनीं तो खचतो हें मान्य करून आपलीं वचनें त्याप्रमाणें बदललीं. बादशहानें आपल्या माणसांचा थकवा हा अवज्ञेचा प्रकार मानला. १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यासच झाला, आणि १७१९ मध्यें चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आल्या. मात्र या उपायाची किंमतही पडली. ज्या रामचंद्रपंतांच्या हातून वतनें वांटलीं गेलीं, त्यांच्याच आज्ञापत्रांत वतनदार हे परचक्र येतांच वतनाच्या लोभानें शत्रूशीं आधीं सलूख करतात, असा इशारा आहे. तो अनुभवाचा बोल होय.

कागदपत्रें संग्रहीं बाळगणारांस शेवटीं एक विनंति. पूर्वजानें मोगलांचा कौल घेतल्याचा कागद निघाला कीं तो घराण्यास उणेपणा आणणारा समजून दृष्टीआड करण्याचा मोह होतो. असें करूं नये. ज्या गांवानें एका वर्षीं मोगलांचा व दुसऱ्या वर्षीं मराठ्यांचा कौल घेतला, तें गांव त्या दोन कौलांमुळेंच वसलेलें राहिलें. आणि मराठ्यांच्या फौजेस पुढें दाणापाणी मिळालें तें वसलेल्या गांवांतूनच. फलटण, माण व खटाव या भागांतील देशमुख, देशपांडे व पाटील यांच्या दप्तरांत असे कागद जोडीनें सांपडल्यास ते जोडीनेंच ठेवावे, तारखा ताडून पाहाव्या व जसेच्या तसे छापावे. एक कागद ठेवून दुसरा टाकला, तर राहील ती कुळकथा. लोकांनीं हीं पंचवीस वर्षें कशीं काढलीं, तें तीवरून कळणार नाहीं.