अप्पर आसाम : चहा, भूमिधन आणि मळ्यातील शाळा

आसाममधील चहाचा इतिहास सामान्यतः रॉबर्ट ब्रूस याच्यापासून सांगितला जातो. १८२३ मध्ये त्याला सिंगफो जमातीचा प्रमुख बिसा गाम याच्याकडून रानटी चहाची माहिती मिळाली. सिंगफो लोक ही पाने पूर्वीपासून वापरीत होते, त्यामुळे ‘शोध’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. १८२६ च्या यांदाबू तहाने आसाम कंपनी सरकारच्या वर्चस्वाखाली आला, १८३४ मध्ये चहा समिती नेमली गेली आणि जानेवारी १८३९ मध्ये आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. तिचे दिवाण मणिराम बरुआ यांनी पुढे नोकरी सोडून स्वतःचे मळे उभारले. एका देशी माणसाचे हे धाडस मळेवाल्यांना रुचले नाही. १८५७ च्या उठावातील सहभागाच्या आरोपावरून फेब्रुवारी १८५८ मध्ये जोरहाट येथे त्यांना फाशी देण्यात आले.

जमीन स्वस्तात मिळाली, पण माणूस मिळेना. स्वतःची भातशेती सोडून मळ्यात राबण्यास आसामी शेतकरी तयार नव्हता. म्हणून छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, मध्य प्रांत अशा दूरच्या भागांतून आरकाटी नावाच्या दलालांमार्फत मजूर आणले गेले. (छोटा नागपूर म्हणजे आजचा झारखंड, आपल्या नागपूरशी त्याचा घोटाळा होऊ नये.) १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुरास वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यास दिला. करारबद्ध मजुरीची ही पद्धत १९१५ मध्ये रद्द झाली, तरी मळ्याच्या हद्दीतच जन्म, काम आणि मृत्यू ही चौकट फारशी बदलली नाही.

याच भूमीने इतर धनही दिले. १८८९ मध्ये दिग्बोई येथे तेल लागले व १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. मार्घेरिटा परिसरातून कोळसा निघू लागला. चहाच्या झुडपावरील संशोधनासाठी १९११ मध्ये जोरहाटजवळ टोकलाई केंद्र स्थापन झाले. झुडपाची जात, माती आणि कीड यांचा शास्त्रीय विचार होऊ लागला, त्याला आता शतक उलटले. मजुराच्या मुलाच्या शिक्षणाची कायदेशीर तरतूद मात्र त्यानंतर चाळीस वर्षांनी झाली.

मळ्यांबाहेर शिक्षणाचा प्रवाह निराळा होता. १८३६ पासून न्यायालयांत व शाळांत बंगाली भाषा लादली गेली. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये शिवसागर येथून ‘ओरुनोदोई’ हे आसामी मासिक सुरू केले. आनंदराम ढेकियाल फुकन यांनीही आसामीची बाजू मांडली. १८७३ मध्ये भाषेला तिचे स्थान परत मिळाले. या लढ्यात मळ्यातील मूल कोठेच नव्हते. त्याच्या घरी सादरी किंवा पूर्वजांची मुंडारी, कुडुख अशी एखादी भाषा होती, शाळा असलीच तर ती दुसऱ्या भाषेत आणि मळ्याच्या कचेरीचे दप्तर इंग्रजीत.

१९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने आसामच्या मळ्यांचीही चौकशी केली. आपले कामगार पुढारी ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते, ही बाब मराठी अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. स्वातंत्र्यानंतर आलेला १९५१ चा मळे कामगार कायदा या बाबतीत बारकाईने वाचण्याजोगा आहे. मळ्यातील कामगारांची ६ ते १२ वयाची मुले पंचवीसपेक्षा अधिक असतील, तर मालकाने त्यांच्या शिक्षणाची सोय करावी, असा नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारांना दिला. त्याच कायद्याने बारा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास कामावर ठेवण्यास बंदी घातली. दोन्ही कलमे शेजारी ठेवली की अर्थ स्पष्ट होतो : मालकाची शाळेची जबाबदारी जेथे संपत होती, तेथूनच मळ्यातले काम कायदेशीर ठरत होते. शाळा प्राथमिकच राहिली, कारण कायद्याला त्यापुढचे मूल विद्यार्थी म्हणून दिसतच नव्हते. शिवाय तोडणीचा हंगाम साधारण मार्च ते नोव्हेंबर असा लांब. आई पाने खुडायला गेली की धाकट्या भावंडास सांभाळणारी मोठी मुलगी वर्गातून नाहीशी होई. हे गळतीचे कारण हजेरीपटावर लिहिले जात नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ ही वयोमर्यादा देशभर मान्य केली. २०१० च्या दुरुस्तीने मळ्यात चौदा वर्षांखालील मुलांना कामास मनाई झाली. २०२२ मध्ये आसाम सरकारने मळ्यांच्या परिसरात आदर्श विद्यालये सुरू केली, आणि काही मुलांना माध्यमिक शाळा प्रथमच घराजवळ मिळाली. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत १९५१ चा कायदा सामावून घेण्यात आला. तिच्या मळ्यांविषयीच्या कलमात मालकाने करावयाच्या शैक्षणिक सोयीसाठी मुलांचे वय ६ ते १२ आणि संख्या पंचवीसपेक्षा अधिक, असेच शब्द कायम आहेत.