तसबिरीचा भाव

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या आसपास एखादं जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, की देव्हाऱ्याच्या भिंतीवरच्या तसबिरी आधी खाली उतरतात. टाक आणि मूर्ती नव्या घरात जातात. काच तडकलेली, चौकटीला वाळवी लागलेली लक्ष्मी मात्र जात नाही. ती पिंपळाच्या पारावर टेकवून ठेवतात, नाहीतर शाई नदीच्या पाण्यात सोडतात. देवाची तसबीर कचऱ्यात टाकायची नाही, एवढं पथ्य घराघरांत पाळलं जातं. आता त्या कागदाच्या तळाशी, चौकटीच्या पट्टीखाली दडलेल्या कडेवर, बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेसचं नाव असलं तर? मुंबईत कुणीतरी त्या कागदासाठी हजारो रुपये मोजायला तयार असतं.

जी वस्तू स्वस्तात, ढिगानं निघाली आणि सहज टाकून दिली गेली, तिचाच भाव पुढे चढतो. अमेरिकेत हे बेसबॉलच्या कार्डांचं झालं. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची छोटी रंगीत चित्रं घातली. होनस वॅग्नर या नामांकित खेळाडूनं हरकत घेतली आणि त्याचं चित्र छापणं थांबलं. त्याची जेमतेम पन्नास-साठ कार्डं आज ठाऊक आहेत. त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्याकडची लक्ष्मी आणि तो वॅग्नर, दोघंही शिळाछापाचे, दगडावरून कागदावर उतरलेले.

महाराष्ट्रात ही चित्रं भिंतीवर आणण्याचं श्रेय एकट्या रविवर्म्याला द्यायची सवय आहे, ती बरोबर नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली आणि तिची रामपंचायतनासारखी शिळाछापाची चित्रं रविवर्म्याच्या आधीच घरोघर पोचू लागली होती. रविवर्म्यानं आणली ती तैलचित्राची झळाळी. त्रावणकोर आणि बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये त्याला सुचवलं होतं, की चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्याव्यात. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यानं भाऊ सी. राजा राजा वर्मा याच्या साथीनं मुंबईत छापखाना घातला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. पहिलं चित्र ‘शकुंतला-जन्म’. मागोमाग लक्ष्मी, सरस्वती आल्या.

छपाईचं काम मोठं चिवट होतं. बव्हेरियातल्या खाणींचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर चरबीयुक्त खडूनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेलकट शाई चित्रालाच धरते, ओल्या भागाला धरत नाही. पण एका दगडावर एकच रंग. साडीच्या काठाचा सोनेरी वेगळा, कमळाचा गुलाबी वेगळा, सावलीचा तपकिरी वेगळा. एका चित्राला डझनभर दगड सहज लागत. कागद प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला, की सरस्वतीच्या ओठांचा लाल हनुवटीवर उतरलाच. शेवटी वरून वार्निश, आणि कापडावर काढल्यासारखं वाटावं म्हणून कागदाला उठावाचा दाब.

धंद्याचं गणित मात्र जमलं नाही. कर्ज वाढलं, १८९६ पासून मुंबईत प्लेग आला, आणि छापखाना अखेर मळवलीला हलला. कल्याणला रेल्वेचे जे दोन फाटे फुटतात, त्यातला एक आसनगाव-शहापूरकडे येतो. दुसऱ्यावर लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन म्हणजे हे मळवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्म्यानं प्रेस आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. १९०६ मध्ये रविवर्मा वारला, पण प्रेस थांबला नाही. त्यातून एम. व्ही. धुरंधरांसारख्यांची चित्रं निघाली, काडेपेट्यांची लेबलं निघाली, जाहिरातींची कॅलेंडरं निघाली. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि बरंच काही जळालं.

जुन्या तसबिरीवर मोठी रक्कम घालावी का, या प्रश्नाचं उत्तर या इतिहासातच आहे. मुंबईच्या चोर बाजारात विक्रेता ‘रविवर्मा आहे’ एवढंच सांगतो. पण रविवर्मा प्रेसचं प्रत्येक चित्र रविवर्म्याचं नसतं. आणि रविवर्म्याचं असलं, तरी ते त्याच्या हयातीत छापलेलं असेलच असं नाही. लोकप्रिय चित्रं पुढे कित्येक वर्षं छापली जात राहिली. म्हशाच्या जत्रेत बैलाचे दात बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही, तशी तसबिरीची खालची कड बघावी. तिथं छापखान्याचं नाव आणि ठिकाण असतं. मुंबईचा ठसा असेल तर चित्र सुरुवातीचं असण्याची शक्यता मोठी. मळवलीजवळच्या कार्ला-लोणावळ्याचा असेल तर स्थलांतरानंतरचं. कड कापलेली असेल तर विक्रेत्याच्या शब्दापलीकडे हाती काही नाही, आणि भावही त्याच मानानं द्यावा.

मग भिंग काढावं. हल्लीच्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत, ठरावीक अंतरानं बसलेले दिसतात. दगडावरचा कण वेडावाकडा असतो, कुठं दाट, कुठं विरळ. काही तसबिरींवर घरच्या बायकांनी जर, टिकल्या आणि मोती शिवून लक्ष्मीला खरोखरच नटवलं आहे. असं काम म्हणजे खरेदीचं खरं कारण. तेच चित्र हजारो घरांत होतं, पण तशी शिवलेली साडी एकाच घरात.

मूळ तैलचित्रांचा बाजार या सगळ्यापासून फार दूर आहे. ‘द्रौपदी वस्त्रहरण’ २०२२ मध्ये मुंबईच्या लिलावात २१ कोटींच्या वर गेलं. शिवाय १९७९ पासून रविवर्म्याची चित्रं कायद्यानं राष्ट्रीय कलासंपदा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. ते आकडे ऐकवून कुणी कागदी लक्ष्मीचा भाव वाढवू लागलं, तर सरळ दुकानाबाहेर पडावं.

कड शाबूत, कण दगडाचा, वर जरीचं काम आणि खिशाला झेपणारी रक्कम, एवढं जुळलं तर घ्यावी. नुसती भिंतीवर लक्ष्मी हवी असेल, तर नवी छापील प्रत काहीशे रुपयांत मिळते आणि ती वाईट दिसत नाही. जुनी घेतलीच, तर ओल्या फडक्यानं पुसू नये, वार्निश उठतं. आणि नव्या चौकटीसाठी दिली, तर फ्रेमवाल्याला आधीच बजावावं: माप बसत नसेल तर चौकट मोठी कर, कागद कापू नकोस.