रक्तातल्या एका रेघेची कुळकथा

दाभोळ, दापोली, गुहागर भागातल्या एखाद्या रुग्णाचं रक्त 'सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस'साठी मुंबईच्या लॅबमध्ये जातं आणि काही दिवसांनी रिपोर्ट हाती येतो. या रिपोर्टवर आकड्यांसोबत एक आलेखही असतो. डावीकडे अल्ब्युमिनचा उंच, निमुळता उंचवटा. मग अल्फा-१, अल्फा-२ आणि बीटा असे लहान उंचवटे. आणि उजवीकडे शेवटी गॅमाचा बसका, पसरट भाग. निरोगी माणसाचा गॅमा असा पसरटच असतो. तिथे टोकदार सुळका उभा दिसला, तर डॉक्टर रुग्णाला थांबवून घेतात आणि पुढच्या तपासण्या लिहून देतात. हा सुळका म्हणजे 'एम स्पाइक'. तपासणीच्या जेलवर तोच एका ठसठशीत रेघेच्या रूपात दिसतो.

ही रेघ उमटते कशी? आपल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात आणि त्या प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी तयार करतात. एका मूळ पेशीपासून झालेली सगळी प्रजा एकाच नमुन्याचं प्रतिपिंड बनवते. अशी असंख्य घराणी एकाच वेळी कामात असल्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं नाना तऱ्हेची असतात आणि आलेखावर ती पसरून बसतात. त्यातलं एकच घराणं बेसुमार वाढलं, तर त्याचं एकाच साच्याचं प्रथिन रक्तात साचतं आणि आलेखावर एकाच जागी गोळा होतं. 'मल्टिपल मायलोमा' या कर्करोगात हेच घडतं. हाडं पोखरली जातात, रक्त कमी होतं, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात.

या रेघेचं कूळ शोधायला १८४५ सालात जावं लागतं. त्याच वर्षी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि भाऊ दाजी लाड यांच्या पिढीतली मुलं तिथे पाश्चात्त्य वैद्यक शिकू लागली. लंडनमध्ये तेव्हा थॉमस मॅकबीन नावाचा पंचेचाळीस वर्षांचा किराणा व्यापारी अंथरुणाला खिळला होता. वर्षभरापूर्वी सहलीत उडी मारताना त्याच्या छातीत काहीतरी कडकन मोडल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून छाती, पाठ आणि कंबर दुखायची थांबली नव्हती. जळवा लावून झाल्या, लोह आणि क्विनाइन देऊन झालं. अंगावर सूज दिसली म्हणून डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तपासली, आणि तिथे काही वेगळंच दिसलं.

लघवी तापवली की गढूळ व्हायची. लघवीतलं नेहमीचं अल्ब्युमिन असतं, तर ते तापवल्यावर साकळून तसंच राहिलं असतं. इथे उकळी आली की गढूळपणा विरून जायचा आणि नळी निवत आली की साका पुन्हा धरायचा. नायट्रिक आम्ल घातलं तरी हाच खेळ. मॅकिन्टायर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी डॉ. थॉमस वॉटसन चक्रावले. वॉटसन यांनी नमुना सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी नळीत काय काय घडतं ते लिहिलं आणि शेवटी विचारलं, की हे आहे तरी काय?

बेन्स जोन्स तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे होते. जर्मनीत लीबिग यांच्या प्रयोगशाळेत ते रसायनशास्त्र शिकून आले होते. त्यांनी मोजमाप केलं, तेव्हा या रुग्णाच्या लघवीतून रोज साठ ग्रॅमहून अधिक प्रथिन बाहेर पडत असल्याचं निघालं. १ जानेवारी १८४६ रोजी मॅकबीन गेला. शवविच्छेदनात त्याच्या फासळ्या मऊ आणि ठिसूळ झालेल्या आढळल्या. बेन्स जोन्स यांनी १८४७ आणि १८४८ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं, आणि हाडं मऊ पडणाऱ्या इतर रुग्णांतही हे प्रथिन शोधायला हवं, असं आग्रहाने मांडलं. प्रथिनाला त्यांचंच नाव मिळालं. तापवण्याची ती खूण पहिल्यांदा हेरणारे मॅकिन्टायर मात्र पाठ्यपुस्तकांत मागेच राहिले.

पुढची पन्नासेक वर्षं आजाराची ओळख पटवण्यात गेली. १८७३ मध्ये रुस्टिट्स्की यांनी 'मल्टिपल मायलोमा' हे नाव दिलं. १८८९ मध्ये प्रागच्या ओटो काहलर यांनी एका डॉक्टर रुग्णाची हकिगत इतकी बारकाईने लिहिली, की आजाराला काहलर यांचंही नाव लागलं. १९०० मध्ये जेम्स राइट यांनी या गाठी प्लाझ्मा पेशींच्या असल्याचं दाखवलं. पेशी सापडली, प्रथिनही माहीत होतं. पण रक्तातल्या शेकडो प्रथिनांच्या गर्दीतून ते वेगळं काढायचं कसं, हे कुणाला साधत नव्हतं.

ते साधलं विजेमुळे. दाभोळचं नाव १९९०च्या दशकात विजेपायीच देशभर गाजलं. तो वीजप्रकल्प उभा राहिला वाशिष्ठी नदीच्या पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरकडे, पण नाव लागलं दाभोळचं. विजेवर इतकं बोललं गेलेल्या या खाडीकाठी विजेचं हे दुसरं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. स्वीडनमधल्या उप्साला इथे आर्ने टिसेलियस यांनी ते शोधलं. क्षारधर्मी द्रावात रक्तातली प्रथिनं ऋण भार घेतात. द्रावातून वीज सोडली की ती धन टोकाकडे सरकू लागतात, पण प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. अल्ब्युमिन सर्वांत पुढे धावतं, प्रतिपिंडं सर्वांत मागे रेंगाळतात. टिसेलियस यांनी मागच्या गटांना ग्रीक अक्षरांवरून अल्फा, बीटा, गॅमा म्हटलं, आणि आजच्या रिपोर्टवर तीच नावं छापलेली असतात. त्यांचा हा निबंध १९३७ मध्ये फॅरडे सोसायटीच्या नियतकालिकात आला. मायकेल फॅरडे यांचं दोन खंडांतलं चरित्र १८७० मध्ये लिहिलं होतं ते याच बेन्स जोन्स यांनी. १९४८ मध्ये टिसेलियस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांचं यंत्र खोलीभर लांबीचं होतं आणि मोजक्याच संस्थांना परवडत होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लाँग्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मायलोमाच्या रुग्णांचं सीरम या पद्धतीने तपासलं, तेव्हा तो अरुंद बुडाचा उंच सुळका पहिल्यांदा दिसला. मॅकबीनच्या नळीपासून तोवर चौऱ्याण्णव वर्षं लोटली होती. मग पद्धत स्वस्त होत गेली. १९५०च्या सुमारास द्रावाच्या जागी कागदाची पट्टी आली. १९५७ मध्ये योआखिम कोन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पट्टी आणली. पुढे अ‍ॅगरोज जेल आलं. खोलीभर यंत्राचं काम टेबलावर मावू लागलं.

आज लॅबमध्ये ही तपासणी कशी होते ते पाहू. रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत घेतात, म्हणजे ते साकळतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर सीरम उरतं. सीबीसीसाठी वापरतात ती जांभळ्या टोपणाची नळी इथे चालत नाही. त्यातलं रक्त साकळत नाही, फायब्रिनोजेन हे प्रथिन तसंच राहतं आणि बीटा-गॅमाच्या मध्ये अशी रेघ उमटवतं, की निरोगी माणूसही रुग्ण ठरावा. सीरमचे अगदी थोडे थेंब जेलवरच्या बारीक खाचांत भरतात. द्रावाचा पीएच ८.६च्या आसपास ठेवून वीज सोडतात. अर्ध्या तासाच्या आत प्रथिनं आपापल्या जागी पोहोचतात. मग जेल सुकवून रंगात बुडवतात, जास्तीचा रंग धुऊन काढतात आणि निळ्या पट्ट्या उठून दिसतात. डेन्सिटोमीटर त्या पट्ट्यांची गडदता मोजून आलेख काढतो. मोठ्या लॅबमध्ये हल्ली हेच काम केसासारख्या बारीक नळीत, कॅपिलरी यंत्रावर होतं.

रेघ दिसली, पण ती कोणत्या प्रतिपिंडाची? यासाठी 'इम्युनोफिक्सेशन' करतात. जेलवर विशिष्ट प्रतिसीरम सोडलं की ज्याच्याशी ते जुळतं तेच प्रथिन जागेवर धरलं जातं, बाकीचं धुऊन जातं. प्रतिपिंडाला दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलक्या साखळीचे दोन प्रकार आहेत, कप्पा आणि लॅम्डा. बेन्स जोन्स प्रथिनाचे हे दोन प्रकार १९५६ मध्ये लेओन्हार्ड कॉर्नगोल्ड आणि रोझ लिपारी यांनी वेगळे केले आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही नावं पडली. १९६२ मध्ये जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी सिद्ध केलं, की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी राहिलेली हलकी साखळीच. तापवलं की साकळायचं आणि उकळलं की विरायचं, तो गुण या साखळीचा. वॉटसन यांच्या चिठ्ठीला पूर्ण उत्तर मिळायला एकशे सतरा वर्षं लागली.

काही रुग्णांत पूर्ण प्रतिपिंड बनतच नाही, फक्त हलक्या साखळ्या बनतात आणि मूत्रपिंडावाटे निघून जातात. त्यांच्या रक्ताच्या आलेखावर सुळका दिसेलच असं नाही. ही उणीव २००१ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रॅडवेल यांच्या गटाने भरून काढली. रक्तातल्या सुट्या कप्पा आणि लॅम्डा मोजणारी 'फ्री लाइट चेन' तपासणी त्यांनी आणली. या पद्धतीत कप्पा-लॅम्डाचं गुणोत्तर साधारण ०.२६ ते १.६५ या दरम्यान असावं लागतं.

महाराष्ट्रात या आजाराच्या उपचारांची मोठी परंपरा आहे ती मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची. १९४१ मध्ये ते सुरू झालं आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथली प्रयोगशाळा नावारूपाला आणली. देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण तिथेच १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. स्वतःच्याच मूळ पेशी वापरून केलेलं प्रत्यारोपण पुढे मायलोमाच्या उपचारातला एक मुख्य टप्पा बनलं. १९९९ मध्ये डॉ. सीमा सिंघल आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी थॅलिडोमाइड मायलोमावर लागू पडतं हे दाखवलं. ८४ रुग्णांतल्या सुमारे एकतृतीयांश जणांना गुण आला. गुण आला की नाही, हे ठरवलं गेलं रक्तातलं आणि लघवीतलं हेच प्रथिन किती उतरलं त्यावरून. आजही औषध लागू पडतंय का, आजार उलटतोय का, हे डॉक्टर याच रेघेवरून पाहतात.

आता पुन्हा दाभोळकडे येऊ. ही तपासणी गावात होत नाही. दापोलीला किंवा चिपळूणला कलेक्शन सेंटरवर रक्त द्यायचं आणि ते पुढे मोठ्या लॅबला जातं. चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, पुढे मुंबई आहे. सीरम थंड ठेवलं तर काही दिवस टिकतं, त्यामुळे अंतराने तपासणी अडत नाही. ती अडते ती कुणी मागतच नाही म्हणून. वयस्क माणसाची पाठ धरली की 'आता वय झालं' म्हणतात; रक्त कमी असलं की लोहाच्या गोळ्या सुरू होतात; कंबर दुखते म्हणून महिनोन्‌महिने वेदनाशामकं घेतली जातात. ही वेदनाशामकं मायलोमाच्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला आणखी घातक ठरतात. भारतातल्या रुग्णालयांच्या अनुभवात मायलोमाचे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांहून सुमारे दहा वर्षं लहान असतात, त्यामुळे पंचावन्नच्या माणसालाही 'वय झालं' म्हणून घरी पाठवून चालत नाही.

संशय यायला महागडी यंत्रं लागत नाहीत. साध्या लॅबचा रिपोर्टही खूप सांगतो. ईएसआर शंभराच्या घरात असणं. काचपट्टीवर तांबड्या पेशी नाण्यांची चवड लावल्यासारख्या एकावर एक चिकटलेल्या दिसणं. टोटल प्रोटीन जास्त आणि अल्ब्युमिन कमी असणं. कॅल्शियम किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असणं. कारण न कळता हिमोग्लोबिन उतरत जाणं. एक धोका मात्र ध्यानात ठेवायला हवा. लघवी तपासायची रंगाची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, बेन्स जोन्स प्रथिन ती सहसा पकडत नाही. पट्टीवर 'प्रोटीन नाही' आलं म्हणून निश्चिंत होऊ नये.

तसंच रेघ दिसली म्हणजे कर्करोग झालाच, असंही नाही. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की बऱ्याच जणांत ही रेघ लहान असते आणि ती वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. अमेरिकेतल्या त्यांच्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या दर शंभरांत सुमारे तिघांत ती सापडली. अशांपैकी दरवर्षी साधारण एक टक्का लोकांचाच आजार पुढे सरकतो. बाकीच्यांना औषध लागत नाही, पण ठरलेल्या काळाने तपासणी करून घ्यावी लागते.

घरातल्या पन्नाशी उलटलेल्या माणसाचं हाडांचं दुखणं दोन महिन्यांनंतरही हटत नसेल, सोबत रक्त कमी असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन करून घ्यायला हवी का? जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि उत्तर मिळेपर्यंत दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.