टाकी आधी आली, शिक्षण मागाहून

परवा लंचला टीममधल्या एका मित्राने बाँब टाकला. "स्कूबाच्या कोर्सला तीस हजार? आणि शिकवणार काय, तर श्वास घ्यायला! त्यापेक्षा सेकंडहँड सेट घेतो, बाकी यूट्यूब आहेच." सगळे हसले. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला आणि अख्खा शनिवार त्यातच गेला. गंमत म्हणजे, सुरुवातीच्या काळात बरेच लोक अगदी हेच करत होते!

तर मंडळी, गोष्ट सुरू होते डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये. फ्रेंच नौदलातला झाक-ईव्ह कुस्तो तिथे एमिल गान्यान या इंजिनिअरला भेटला. गान्यान ज्या गॅस कंपनीत होता, तिथेच कुस्तोचे सासरे संचालक. म्हणजे ओळख तिथेही कामाला आलीच! पेट्रोलची टंचाई असल्याने गान्यानने मोटारी गॅसवर चालवायला एक व्हॉल्व्ह बनवला होता. इंजिन ओढेल तेवढाच गॅस सोडायचा, एवढंच त्याचं काम. कुस्तोला इंजिनाच्या जागी माणूस दिसला.

पहिल्याच टेस्टिंगला बग निघाला. नदीत आडवं पोहताना सगळं ठीक, पण उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जायची. कारण हवा सोडणारा पडदा एका उंचीवर आणि उच्छ्वासाची वाट दुसऱ्या, म्हणजे दोन्हींवर पाण्याचा दाब वेगळा. दोन्ही शेजारी आणले, बग फिक्स. १९४३ च्या उन्हाळ्यात 'ॲक्वा-लंग' समुद्रात उतरली.

युद्धानंतर ती अमेरिकेतल्या दुकानांत पोचली. पैसे मोजा, घेऊन जा. शिकवायला मात्र जवळजवळ कोणीच नव्हतं.

आता यात शिकण्यासारखं काय आहे? दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुस फाटतं, बुडबुडे रक्तात शिरतात. आणि घाबरलेला माणूस पाण्यात सगळ्यात आधी काय करतो? श्वास रोखतो! पोहताना अंगवळणी पडलेली सवयच इथे घात करते.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत कॉनरॅड लिम्बॉने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांसाठी पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केलं. लॉस एंजेलिस काउंटीचे अल टिलमन वगैरे लोक त्याच्याकडे शिकले आणि सामान्यांसाठीचा कोर्स काढला. १९६० मध्ये 'नाउई' आली, १९६६ मध्ये 'पाडी'. पाडीचे संस्थापक दोन: एक पोहण्याचा शिक्षक, दुसरा चक्क डायव्हिंगचं सामान विकणारा सेल्समन. हळूहळू रिवाज पडला की कार्ड दाखवल्याशिवाय दुकानदार टाकी भरून देणार नाही.

आणि लिम्बॉ? १९६० मध्ये फ्रान्समधल्या एका पाण्याखालच्या गुहेत तो वाट चुकला आणि गेला. ज्याने इतरांना शिकवलं, त्याचाच गुहेत घात झाला. आज गुहांसाठी वेगळा कोर्स असतो. साध्या ओपन वॉटर कार्डावर मर्यादा १८ मीटरची.

मालवणला आपण हौसेने एक डुबकी मारून येतो तेव्हा हे जाणवत नाही, कारण इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून असतो. आपल्या वाटचं सगळं लक्ष तोच ठेवतो.

सोमवारी मित्राला सांगितलं, बाबा रे, सामान भाड्याने मिळतं. फार तर चेहऱ्याला नीट बसणारा मास्क स्वतःचा घे. रेग्युलेटर घेतलास तर त्याचं सर्व्हिसिंगही मागे लागेल. पण कोर्सचे पैसे वाचवू नकोस. ते श्वास घेण्याचे नाहीत, घाबरल्यावरही न रोखण्याचे आहेत.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आपण चौघं गेलो तर ग्रुप डिस्काउंट मिळेल का रे?"