मूळ कुणाचं, सण कुणाचा?

डिसेंबर लागला की आमच्या मसुऱ्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठरलेला निरोप येतो. नाताळ हा मुळात रोमन लोकांचा सूर्याचा सण, ईस्टर हा इश्तार देवीचा, आणि ख्रिस्ती लोकांकडे त्यांचं स्वतःचं असं काहीच नाही! खाली टाळ्या वाजवणारे हात. दरवर्षी वाटतं, जाऊ दे. यंदा म्हटलं, जरा सविस्तर लिहूया. लांबण लागेल, पण घरचीच मंडळी आहात, सांभाळून घ्या.

आधी त्या निरोपात खरं किती ते बघू. सूर्याचं प्रकरण अगदीच हवेतलं नाही. रोमचा सम्राट ऑरेलियन याने इ.स. २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मोठं देऊळ बांधलं. इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगवजा ग्रंथात २५ डिसेंबरला 'अजिंक्या'चा जन्मदिवस नोंदवलाय, आणि गंमत म्हणजे त्याच ग्रंथात दुसऱ्या एका यादीत त्याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे. लॅटिनमधला शब्द 'नातालिस'. त्यावरून पोर्तुगीज 'नाताल', आणि तिथून आपला नाताळ. म्हणजे जुन्या रोमन लोकांचा शब्द आपण मराठीत रोज वापरतोय, फक्त आपल्याला पत्ता नाही.

पण कुणी कुणाचा दिवस घेतला, हे त्या नोंदींवरून ठरत नाही. अभ्यासकांचा दुसरा पक्ष म्हणतो की ख्रिस्ताच्या मृत्यूची तारीख जुन्या ख्रिस्ती लोकांनी २५ मार्च धरली होती, गर्भधारणाही त्याच दिवशी झाली असं मानलं, आणि त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. १८८९ मध्ये दुशेन नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने हा हिशेब मांडला. वाद अजून चालूच आहे.

ईस्टर-इश्तारचं मात्र सरळ चूक आहे. ती जोडी जमते फक्त इंग्रजीत, उच्चारावरून. इतर बहुतेक भाषांत या सणाचं नाव ज्यूंच्या 'पेसाह' सणावरून आलंय. लांब कशाला जायचं? शेजारच्या गोव्यातले ख्रिस्ती त्याला 'पास्कांचें फेस्त' म्हणतात. त्यात इश्तार कुठून शोधणार?

आता मजेची गोष्ट. 'हे सगळं पेगन आहे' हा आरोप मुळात हिंदूंनी केलेलाच नाही. (पेगन म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचे रोमन-ग्रीक वगैरे अनेक देव मानणारे लोक. हे नावही त्यांना ख्रिस्ती लोकांनीच दिलेलं.) तो आरोप ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती लोकांवर केला. इंग्लंडमध्ये प्युरिटनांचं राज्य आलं तेव्हा संसदेने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. पुढे अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने रोमन चर्च म्हणजे जुन्या बाबिलोनचाच धर्म, असं 'द टू बॅबिलॉन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. ईस्टरचं नाव बाबिलोनच्या देवीला जोडणं खूप पसरलं ते याच पुस्तकामुळे. म्हणजे आपण ज्या टाळ्या वाजवतो त्या एका भावकीच्या भांडणात वाजवतोय!

आणि हे भांडण आपल्या दारातही होऊन गेलंय. मला खरं लिहायचंय ते त्याबद्दल.

इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला पत्र लिहून कळवलं होतं की मूर्ती मोडा पण देवळं मोडू नका, तीर्थ शिंपडून तिथेच प्रार्थना करा, लोकांच्या मेजवान्याही चालू राहू द्या. गोव्यात उलटं झालं. १५४० मध्ये तिसवाडीतली आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा अशी दैवतं नदीपलीकडे फोंड्याकडे नेली गेली. जे मागे राहिले त्यातले पुष्कळ ख्रिस्ती झाले. १५६० पासून त्यांच्यावर इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची नजर.

याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. पुराणं हातून गेलेल्या या माणसांसाठी त्याने मराठी ओवीत ख्रिस्ताचं पुराण रचलं. सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या. ख्रिस्ताचं स्वर्ग त्याच्याकडे 'वैकुंठ' होतं. त्याच सुमारास तिकडे मदुरेला रॉबर्ट दी नोबिली म्हणत होता की जानवं, शेंडी, गंध या समाजाच्या खुणा आहेत, त्या ठेवून ख्रिस्ती होता येतं. १६१९ मध्ये गोव्यात बैठक भरली आणि तिथे बहुमत त्याच्याविरुद्ध गेलं. १६२३ मध्ये पोपने मात्र त्याला परवानगी दिली. आणि मग १७४४ मध्ये दुसऱ्या पोपने असल्या बऱ्याच सवलती बंद करून टाकल्या. मिशनऱ्यांना तशी शपथ घ्यावी लागे. ती सुटली १९४० साली!

गोव्यातलं वारंही तोवर फिरलं होतं. १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला. आणि १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात तो सविस्तर आहे. ख्रिस्ती कुटुंबांना काय काय बंद? लग्नात देशी वाद्यं नकोत. ओव्या नकोत. नवरा-नवरीला हळद लावायची नाही. पाहुण्यांना विडे वाटायचे नाहीत. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री, आपण सटीला जागवतो तसं, जागवायचं नाही. परसात तुळस नको. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात मिठाशिवाय शिजवायचा नाही!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या भातापाशीच अडकलो. आमच्या घरीही भात अळणीच शिजतो. त्यात धर्म आहे असं आमच्या आजीला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यातच काढलं असतं. पण विचार करा, १७३६ साली या घरांतले लोक पाच-सहा पिढ्यांचे ख्रिस्ती होते. पणजोबाच्याही आधीपासून चर्चला जाणारे. तरी त्यांच्या चुलीपाशी येऊन विचारलं जात होतं, की ही रीत मुळात कुठली? मूळ शोधणं हा त्या काळी दिवाणखान्यातला वाद नव्हता, त्यापायी माणसं तुरुंगात जात. असल्या जाचाला कंटाळून कित्येक ख्रिस्ती कुटुंबं गोवा सोडून आसपासच्या मुलखांत गेली, आपल्या सावंतवाडीकडेही आली.

आणि एवढं करून काय मिटलं? गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आजही आदल्या दिवशी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला 'रोस' म्हणतात. नवरीला चुडा भरतात. ऑगस्टमध्ये भाताची पहिली कणसं पाद्रीबाबांकडून मंत्रून घेतात, ते 'कोणसांचें फेस्त'. आपल्याकडे नवं होतं ते याहून वेगळं काय? म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू तेल वाहतात, कारण ती शिरगावच्या लईराईची बहीण, अशी तिकडची समजूत आहे. सात बहिणींतली एक बहीण चर्चमध्ये, बाकीच्या देवळात.

आता यावर 'बघा, म्हणजे ते सगळं आपलंच!' असं म्हणायचा मोह होतो. त्याआधी आपल्या देवांकडे बघूया. आपल्या भागात गावोगाव सातेरी आहे. सातेरी म्हणजे वारूळ. कित्येक ठिकाणी गाभाऱ्यात आजही वारूळच पुजलं जातं. पुढे कुठे तिला शांतादुर्गा म्हणू लागले, मुखवटा आला, संस्कृत मंत्र आले. उद्या कुणी गावात येऊन म्हणालं की तुमची देवी 'खरी' नाही, मुळात ते मुंग्यांचं घर, तर देवळातली मंडळी त्याला काय करतील ते सांगायला नको. आमच्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी म्हणजे भरडावरची, माळरानावरची देवी. तिच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीला विचारूनच ठरते. लाखो माणसं येतात. ती 'भराडी मुळात कोण' हे विचारायला येत नाहीत, नवस फेडायला येतात.

कोकणातल्या माणसाला हे कळायला कठीण नाही. हापूसच्या कलमाला खालचा खुंट रायवळ आंब्याचा असतो, वरचं डोळस हापूस, आणि नाव म्हणे एका पोर्तुगीज आफोन्सोवरून आलेलं. म्हणून बागेतला आंबा खाताना कुणी त्याला रायवळ म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. रीतींची मुळं जरूर शोधावीत. मलाही त्यात रस आहे, म्हणून तर हे सगळं वाचलं. पण रीत कुठून आली आणि ती आज कुणाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर ती पाळणाऱ्याकडेच असतं. 'हे मुळात तुमचं नाहीच' हे वाक्य गोव्यातल्या इन्क्विझिटरने वापरलं, ते रीत तोडण्यासाठी. आपण वापरतो ते रीत आपल्याकडे ओढण्यासाठी. पण दोन्ही वेळा समोरच्या माणसाला कुणी विचारतच नाही, की बाबा, तू हे का करतोस?

असो. त्या निरोपाला ग्रुपवर उत्तर द्यायचं ते राहूनच गेलं, इथेच लिहून झालं. सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या, बारशाच्या रीती कुणाला ठाऊक असतील तर मला जरूर कळवा. भातात मीठ कधी घालतात, तेही.