नाव कुणाचं राहतं?

जानेवारी १९६९ मध्ये लेड झेपलिनचा पहिला अल्बम आला. बँड इंग्रजांचा, पण पाया शिकागोच्या ब्लूजचा. त्यातली दोन गाणी विली डिक्सनची. तसं श्रेय छापलंही गेलं. एका वादनात चक्क विराम जसानींचा तबला आहे. पण ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मूळ जेक होम्सचं, नाव मात्र लागलं जिमी पेजचं. होम्स २०१० मध्ये कोर्टात गेले.

आपण पुणेकर ‘सवाई’ला ख्याल ऐकतो, तेव्हा कित्येक बंदिशींत ‘सदारंग’ हे नाव ऐकू येतं. गायक बदलले, घराणी बदलली, तरी रचनाकार शब्दांतच राहिला. ब्लूजवाल्यांना ही सोय नव्हती. त्यांचं नाव वेष्टणावर, म्हणजे दुसऱ्याच्या हातात. म्हणून हा अल्बम आवडीनं ऐकू या, पण होम्सचं नाव घेऊन.